साठ सेकंदांचा विराम साठ सेकंदांआधी का संपतो?

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘एवढा वेळ थांब’ ही सूचना फार ठिकाणी लागते. दर मिनिटाला तापमानाची नोंद घेणारा प्रोग्रॅम दोन नोंदींच्या मध्ये थांबतो, सर्व्हरशी असलेली जोडणी तुटली की पुन्हा प्रयत्न करण्याआधी काही सेकंद थांबावे लागते, आणि रांगेत नवे काम आले आहे का हे पाहणारा प्रोग्रॅम प्रत्येक फेरीनंतर विसावतो. लिनक्स आणि युनिक्स घराण्यातील इतर प्रणालींवर यासाठी सर्वांत जुने आणि वापरायला सर्वांत सोपे साधन म्हणजे ‘स्लीप’ हे फंक्शन होय. त्याला साठ हा आकडा दिला की प्रोग्रॅम साठ सेकंद थांबतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या व्याख्येत दोन शक्यता नोंदवलेल्या आहेत: एक तर साठ सेकंद पूर्ण होतील, किंवा त्याआधी प्रोग्रॅमने हाताळायचा एखादा सिग्नल, म्हणजे बाहेरून आलेली लहान सूचना, येईल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा विराम संपेल. ही दुसरी शक्यता बहुसंख्य प्रोग्रॅममध्ये विचारातच घेतलेली नसते, आणि त्यातून निर्माण होणारे दोष शोधून काढणे अवघड असते, कारण ते रोज दिसत नाहीत.

विराम सुरू होतो तेव्हा नेमके काय घडते हे आधी पाहू. प्रोग्रॅमने स्लीप म्हटले की नियंत्रण कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे जाते. कर्नल आपल्या टायमरच्या यादीत ‘अमुक क्षणी या प्रोसेसला (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला) उठवायचे आहे’ अशी नोंद करतो, त्या प्रोसेसला प्रोसेसरच्या रांगेतून बाहेर काढतो आणि इतर प्रोसेसना काम देतो. थांबलेली प्रोसेस प्रोसेसरचा वेळ खात नाही; तिच्या बाजूने पाहिले तर स्लीपचा कॉल केला आणि तो परतला, यांच्या मधला काळ अस्तित्वातच नसतो. मात्र कर्नल तिला झोपवताना एक शेरा मारून ठेवतो. लिनक्सवर ‘पीएस’ ही आज्ञा दिली की अवस्थेच्या रकान्यात अशा प्रोसेससमोर ‘एस’ हे अक्षर दिसते, आणि त्याचा अर्थ ‘मधेच उठवता येण्याजोगी झोप’ असा आहे. याच रकान्यात काही वेळा ‘डी’ हे अक्षरही दिसते. ती प्रोसेस डिस्कसारख्या एखाद्या साधनाच्या उत्तराची वाट पाहत असते आणि साध्या सिग्नलने ती उठत नाही. ठरावीक वेळेचा विराम नेहमी पहिल्या प्रकारात मोडतो. विराम तुटण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती नसती तर एक तास थांबलेल्या प्रोग्रॅमला बंद करायलाही तासभर वाट पाहावी लागली असती.

सिग्नल म्हणजे एका प्रोसेसला बाहेरून पाठवलेली अगदी लहान सूचना. तिच्यात मजकूर नसतो, फक्त एक क्रमांक असतो. टर्मिनलवर कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली की क्रमांक २ चा ‘सिगइंट’ जातो. ‘किल’ ही आज्ञा साध्या रूपात वापरली की क्रमांक १५ चा ‘सिगटर्म’ जातो, आणि त्याचा आशय ‘आवरते घे आणि बंद हो’ असा असतो. क्रमांक ९ चा ‘सिगकिल’ प्रोसेसला काहीही करण्याची संधी न देता संपवतो. एखाद्या प्रोसेसने जन्माला घातलेली उपप्रोसेस संपली की कर्नल तिच्या पालकाला ‘सिगचाइल्ड’ पाठवतो, आधी लावलेला गजर वाजला की ‘सिगअलार्म’ येतो, टर्मिनलच्या खिडकीचा आकार बदलला तरी त्यासाठी वेगळा सिग्नल आहे. क्रमांक १ ते ३१ हे नेहमीचे सिग्नल मानले जातात आणि ते साठवले जात नाहीत: एकाच क्रमांकाचे तीन सिग्नल पाठोपाठ आले आणि पहिला अजून पोचवलेला नसेल, तर तिन्ही मिळून एकच पोचतो. त्यामुळे सिगचाइल्ड आल्यावर एकच उपप्रोसेस संपली असे गृहीत न धरता, संपलेल्या सगळ्या उपप्रोसेसची विचारपूस करावी लागते.

आता कोणता सिग्नल विराम तोडतो आणि कोणता तोडत नाही, हा या विषयातला पहिला महत्त्वाचा फरक आहे. सिग्नल आल्यावर काय करायचे याचे मोटामोटी तीन पर्याय असतात: त्याकडे दुर्लक्ष करायचे, प्रणालीने ठरवून दिलेली कृती होऊ द्यायची, किंवा प्रोग्रॅममध्येच लिहिलेले एखादे फंक्शन, म्हणजे हँडलर, चालवायचे. ज्याकडे दुर्लक्ष करायचे ठरले आहे तो सिग्नल कर्नल दारातच टाकून देतो आणि झोपलेल्या प्रोसेसला त्याचा पत्ताही लागत नाही. सिगचाइल्डच्या बाबतीत दुर्लक्ष हीच मूळ कृती आहे. म्हणून ज्या प्रोग्रॅमने त्यासाठी हँडलर लावलेला नाही, त्याच्या कितीही उपप्रोसेस संपल्या तरी त्याचा विराम अभंग राहतो. सिगटर्मची मूळ कृती प्रोसेस संपवणे ही आहे. हँडलर नसेल तर प्रोसेस झोपेतच संपते आणि विरामानंतरची ओळ कधी चालतच नाही. अर्ध्यावर तुटलेला विराम हा प्रश्न उरतो तो केवळ तिसऱ्या पर्यायात, म्हणजे हँडलर असताना. एखाद्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे नीट चाललेला विराम एक दिवस लवकर संपू लागतो, तेव्हा अनेकदा कोणीतरी अगदी वेगळ्या कारणासाठी, बहुतेक वेळा एखाद्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहाच्या आत, हँडलर लावलेला असतो.

हँडलर असताना घडणारा क्रम जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, प्रोग्रॅमने साठ सेकंदांचा विराम घेतला आहे आणि १२.४ सेकंद झाल्यावर त्याची एक उपप्रोसेस संपली. कर्नल पालक प्रोसेसच्या नावावर ‘सिगचाइल्ड प्रलंबित आहे’ अशी खूण करतो, ती मधेच उठवता येण्याजोगी झोपली आहे हे पाहतो आणि तिला प्रोसेसरच्या रांगेत परत आणतो. प्रोसेस जागी होते ती कर्नलच्याच आत, स्लीपच्या सिस्टिम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या मध्यावर. तिथे टायमरची नोंद रद्द होते, ४७.६ सेकंद उरले आहेत हा हिशेब केला जातो, आणि ‘ई-इंटर’, म्हणजे ‘काम मधेच तुटले’, हा निकाल तयार होतो. पण नियंत्रण लगेच प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळीवर जात नाही. कर्नलमधून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर प्रलंबित सिग्नल आहे का हे तपासले जाते, आणि तो असल्याने कर्नल प्रोसेसच्या स्टॅकवर (तात्पुरत्या नोंदींच्या स्मृतीत) आधीच्या अवस्थेची नोंद, त्या निकालासकट, ठेवून हँडलर चालू करतो. हँडलर पूर्ण झाला की एका खास सिस्टिम कॉलने ती नोंद परत उचलली जाते, आणि तेव्हा कुठे प्रोग्रॅमला स्लीप परतल्याचे दिसते. म्हणजे आधी हँडलर चालतो आणि मग विराम संपतो. हा क्रम उलटा कधीच नसतो. प्रोग्रॅमने स्लीपच्या उत्तराकडे पाहिले नाही, तर साठ सेकंदांऐवजी १२.४ सेकंदच झाले आहेत हे घड्याळ पाहिल्याशिवाय त्याला कळत नाही.

इथे एक साहजिक प्रश्न पडतो. उरलेला वेळ कर्नलला ठाऊक आहे, हँडलर पूर्ण झाल्याचेही त्याला कळते. मग तो राहिलेला विराम स्वतःच पुढे का चालू करत नाही? दुपारी तासाभराची वामकुक्षी ठरवून आडवे झालेल्या माणसाला वीस मिनिटांनी दारावरची बेल उठवते, तेव्हा दार उघडून झाल्यावर उरलेली चाळीस मिनिटे झोपायचे की नाही हे बेल ठरवू शकत नाही, कारण दारात कोण आले होते यावर ते अवलंबून असते. कर्नलचीही स्थिती हीच आहे. हँडलरमध्ये ‘आता बंद व्हायचे आहे’ असे ठरले असेल तर पुन्हा झोपणे चूक ठरेल, आणि हँडलरने फक्त संपलेल्या उपप्रोसेसची नोंद केली असेल तर पुन्हा झोपणेच योग्य ठरेल. हा निर्णय प्रोग्रॅमने घ्यायचा आहे, आणि म्हणून कर्नल त्याच्या हाती नियंत्रण देतो.

या निर्णयामागे जुना वाद आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या ‘आयटीएस’ या प्रणालीत सिस्टिम कॉल मधेच अडवला गेला तर प्रणाली स्वतःच प्रोग्रॅमला कॉलच्या आधीच्या स्थितीत नेत असे, आणि तो कॉल पुन्हा चालवला जाई; प्रोग्रॅमला अर्धवट काम कधी दिसतच नसे. बेल प्रयोगशाळेत वाढलेल्या युनिक्सने कर्नल साधा ठेवला आणि ‘काम तुटले, पुन्हा करायचे असल्यास तू कर’ असे सांगून ती जबाबदारी प्रोग्रॅमवर टाकली. पुढे १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या शाखेतल्या आवृत्तीमध्ये वाचणे, लिहिणे यांसारखे काही कॉल आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय आली, आणि आज हँडलर लावताना ‘एसए-रीस्टार्ट’ हा पर्याय दिला की तशीच वागणूक मिळते. पण नेमका विरामच या सोयीच्या बाहेर आहे. लिनक्सवर एसए-रीस्टार्ट दिलेला असो वा नसो, हँडलर चालला की स्लीपच्या कुळातले कॉल तुटतात. मला ही मर्यादा योग्यच वाटते. फाइलमधून वाचण्याचा कॉल पुन्हा पहिल्यापासून केला तर काही बिघडत नाही. साठ सेकंदांचा विराम पहिल्यापासून सुरू केला आणि दर पन्नास सेकंदांनी सिग्नल येत राहिला, तर तो विराम कधीच संपणार नाही.

लिनक्सवर याला लागून एक वेगळे प्रकरण आहे, आणि ते कोणालाही करून पाहता येते. टर्मिनलवर ‘स्लीप ६०’ ही आज्ञा द्यावी, कंट्रोल आणि झेड दाबून तिला स्थगित करावे, दोन मिनिटे जाऊ द्यावीत आणि ‘एफजी’ म्हणून तिला पुन्हा पुढे आणावे. ती लगेच संपते. इथेही सिग्नलने प्रोसेसला झोपेतून उठवले होते, पण हँडलर चाललाच नाही. प्रोसेस फक्त थांबवली गेली आणि मग सुरू केली गेली. अशा वेळी कर्नल प्रोग्रॅमला काही न कळवता विराम स्वतःच पुढे चालू करतो, आणि त्यासाठी ‘किती वेळ उरला’ हे न साठवता ‘कोणत्या क्षणी उठायचे’ हे साठवून ठेवतो. तो क्षण स्थगितीच्या काळातच उलटून गेलेला असल्याने विराम तत्काळ संपतो. लिनक्सच्या २.४ आवृत्तीपर्यंत ही वागणूक वेगळी होती: स्थगित करून पुन्हा सुरू केलेला विराम ई-इंटर देऊन तुटत असे, आणि बिचाऱ्या प्रोग्रॅमला काहीही कारण नसताना तो हाताळावा लागे. २.६ मध्ये हे दुरुस्त झाले. ‘एस-ट्रेस’ या साधनाने प्रोसेसचे सिस्टिम कॉल पाहणाऱ्याला अशा जागी ‘रीस्टार्ट-सिसकॉल’ हे नाव दिसते. प्रोग्रॅममध्ये कोणी न लिहिलेला हा कॉल तिथे कुठून आला याचे उत्तर हेच आहे.

तुटलेल्या विरामाचा हिशेब प्रोग्रॅमला कसा मिळतो, हे वापरलेल्या फंक्शनवर ठरते. स्लीप हे फंक्शन उरलेले सेकंद परत देते, पण पूर्ण सेकंदांतच, ४७.६ मधला अपूर्णांक सांगण्याची त्याच्याकडे सोयच नाही. सिग्नल वारंवार येत असतील आणि प्रत्येक वेळी उरलेल्या सेकंदांसाठी स्लीप पुन्हा बोलावले जात असेल, तर दर खेपेला सेकंदाचा काही भाग हिशेबातून निसटतो. मायक्रोसेकंद घेणारे ‘यूस्लीप’ तर किती वेळ उरला हे सांगतच नाही. पॉझिक्स या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. ‘नॅनोस्लीप’ यांत अधिक काटेकोर आहे. त्याला दोन जागा द्याव्या लागतात, एकीत हवा असलेला विराम आणि दुसरीत तुटल्यास उरलेला वेळ लिहून मिळण्याची सोय. त्यामुळे बहुतेक पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ‘ई-इंटर आला तर उरलेल्या वेळेसाठी पुन्हा नॅनोस्लीप करा’ असा लहानसा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, दिसतो.

तो लूप बरोबर आहे, पण अचूक नाही. घड्याळाच्या सूक्ष्मतेप्रमाणे प्रत्येक विराम थोडा वर सरकवला जातो, शिवाय विराम तुटणे आणि पुन्हा सुरू होणे यांच्या मध्ये हँडलरचा व इतर प्रोसेसचा वेळ जातो आणि तो कुठेच मोजला जात नाही. सिग्नल भरपूर असतील तर ही गळती साचत जाते. सिग्नल अजिबात नसले तरी याच जातीची चूक होते: दर सेकंदाला नोंद घेणारा प्रोग्रॅम ‘नोंद घे, मग एक सेकंद थांब’ असा लिहिला आणि नोंदीला २० मिलिसेकंद लागत असतील, तर प्रत्येक फेरी १.०२ सेकंदांची होते आणि दिवसाच्या ८६,४०० नोंदींऐवजी सुमारे ८४,७०० नोंदी हाती लागतात. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे आणि तो कर्नलने स्थगितीच्या प्रकरणात वापरला तोच: किती वेळ थांबायचे हे न सांगता कधी उठायचे हे सांगावे. ‘क्लॉक-नॅनोस्लीप’ या फंक्शनला निरपेक्ष वेळेचा पर्याय देता येतो. उठण्याचा क्षण एकदा ठरवला की विराम कितीही वेळा तुटला तरी तोच क्षण पुन्हा द्यायचा; उरलेल्या वेळेची वजाबाकी करावीच लागत नाही, आणि उठायचा क्षण सरकत नाही. पुढची फेरी हवी असेल तर त्या क्षणात एक सेकंद मिळवायचा. यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ दाखवणारे घड्याळ न वापरता ‘मोनोटॉनिक’ घड्याळ वापरावे, कारण ते फक्त पुढे जाते. प्रणालीची तारीख कोणी मागेपुढे केली तरी त्यावर परिणाम होत नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवायला हवा: नॅनोस्लीप उणे एक परत देऊन त्रुटीचा क्रमांक दुसरीकडे ठेवते, तर क्लॉक-नॅनोस्लीप त्रुटीचा क्रमांक थेट परत देते. सवयीने उणे एक तपासणारा लूप इथे शांतपणे चुकतो.

इतक्या खोलात न जाता पायथॉन, पीएचपी किंवा गो वापरणाऱ्यांचे काय, असे कोणी विचारील. प्रत्येक भाषेने या प्रश्नाला आपापले उत्तर दिले आहे, आणि ती उत्तरे एकसारखी नाहीत. पीएचपीचे स्लीप सी भाषेसारखेच मधे तुटते आणि शून्याहून वेगळे उत्तर देते. सी प्लस प्लस आणि रस्ट यांच्या प्रमाणित लायब्ररी लिनक्सवर आतल्या आत लूप फिरवून पूर्ण वेळ थांबतात. गोमध्ये विराम भाषेच्या स्वतःच्या रनटाइमकडे, म्हणजे प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या तिच्या यंत्रणेकडे असतो. तिथे सिग्नल आल्याने गोरूटिनचा (त्या भाषेतल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाचा) विराम तुटत नाही, आणि सिग्नल कळवून घ्यायचा तर चॅनेल या निरोपाच्या मार्गाने. जावातला ‘इंटरप्ट’ हा तर प्रणालीचा सिग्नलच नव्हे. एका थ्रेडने, म्हणजे प्रोसेसच्या आत चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याने, दुसऱ्याला दिलेली ती भाषेच्या आतली हाक आहे.

पायथॉनची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथे वागणूक मध्यंतरी बदलली. २०१५ मध्ये आलेल्या ३.५ आवृत्तीच्या आधी ‘टाइम’ मॉड्यूलमधले स्लीप हँडलर चालल्यावर तुटत असे. ई-इंटर हाताळायला प्रोग्रॅमर विसरतात, हे ओळखून क्रमांक ४७५ च्या सुधारणा प्रस्तावाने असे ठरवले की हँडलरने एक्सेप्शन, म्हणजे नेहमीचा क्रम तोडणारी अपवादाची सूचना, उठवले नाही तर भाषा स्वतःच मोनोटॉनिक घड्याळावरून उरलेला वेळ काढून विराम पूर्ण करील. बहुसंख्य प्रोग्रॅमसाठी हे हिताचे झाले. पण हँडलरमध्ये ‘थांबायचे आहे’ अशी खूण करायची आणि मुख्य लूपमध्ये प्रत्येक विरामानंतर ती खूण पाहायची, असा जो सर्रास वापरला जाणारा सांगाडा आहे, तो यामुळे मंदावला: सिगटर्म आला, हँडलर चालला, खूणही झाली, तरी पाच मिनिटांचा विराम चालू असेल तर तो पूर्ण झाल्याशिवाय प्रोग्रॅम ती खूण पाहत नाही. कंट्रोल-सी मात्र लगेच लागू पडते, कारण त्याच्यासाठीचा मूळ हँडलर एक्सेप्शन उठवतो. सिगटर्मलाही तेच हवे असेल तर आपल्या हँडलरनेही एक्सेप्शन उठवावे लागते.

या सगळ्याच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो, आणि तो विराम लिहिताना प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा असे मी आग्रहाने म्हणेन: आपण इथे नेमके कशासाठी थांबलो आहोत? ठरावीक काळ जाऊ देण्यासाठी थांबलो असू, तर सिग्नल हा व्यत्यय आहे आणि उरलेला विराम पूर्ण करायला हवा. ठरावीक क्षणाची वाट पाहत असू, तर निरपेक्ष वेळ द्यायला हवी. आणि काहीतरी घडण्याची वाट पाहत असू, वेळेची मर्यादा केवळ सोयीसाठी असेल, तर सिग्नल हाच ज्याची वाट पाहत होतो तो निरोप असू शकतो, आणि अशा जागी स्लीप वापरणेच मुळात चुकीचे आहे.

चुकीचे का, ते पुढच्या उदाहरणात दिसेल. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी आहेत: थांबण्याची खूण झाली आहे का ते पाहा, झाली नसेल तर साठ सेकंद झोप. आता सिग्नल नेमका या दोन ओळींच्या मध्ये आला असे समजा. पहिल्या ओळीने खूण पाहिली तेव्हा ती नव्हती; मग सिग्नल आला, हँडलर चालला, खूण झाली; आणि मग दुसरी ओळ निवांतपणे साठ सेकंद झोपली. विराम तोडण्यासाठी जो सिग्नल हवा होता तो विराम सुरू होण्याआधीच येऊन गेला. ही फट काही मायक्रोसेकंदांचीच असते, म्हणून चाचणीत ती सापडत नाही, आणि लाखो फेऱ्या मारणाऱ्या सर्व्हरवर ती केव्हातरी सापडतेच. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्लीप हेच मुळी गजर लावून सिग्नलची वाट पाहण्याच्या पद्धतीने लिहिलेले होते, आणि तिथेही याच फटीची काळजी घ्यावी लागली होती: गजर लावला, यंत्रावर भार असल्याने प्रोसेसला वेळ मिळाला नाही, तेवढ्यात गजर वाजून गेला, आणि मग प्रोसेस सिग्नलची वाट पाहू लागली तर ती कायमची झोपते.

फट बुजवायची तर तपासणे आणि झोपणे यांच्या मध्ये सिग्नलला शिरकाव मिळता कामा नये. त्यासाठी सिग्नल आधी अडवून ठेवायचा, खूण तपासायची, आणि मग ‘पीसिलेक्ट’ किंवा ‘पीपोल’ यांसारख्या कॉलने झोपायचे. हे कॉल अडवलेला सिग्नल मोकळा करणे आणि झोपणे या दोन्ही गोष्टी एकाच अविभाज्य पावलात करतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यांना खरा आधार २.६.१६ या आवृत्तीत मिळाला. त्याआधीपासून डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवलेली पाइपची (एका टोकाने लिहायच्या आणि दुसऱ्या टोकाने वाचायच्या नळीची) युक्ती प्रचलित होती: हँडलरने एका पाइपमध्ये एक बाइट लिहायचा आणि मुख्य लूपने झोपताना त्या पाइपवर कान ठेवायचा, बाइट झोपण्याआधी पडला असला तरी तो पाइपमध्ये शिल्लक राहतो, म्हणून निरोप हरवत नाही. माझ्या मते साध्या प्रोग्रॅमसाठी सर्वांत स्वच्छ मार्ग ‘सिगटाइम्डवेट’ हा आहे. सिग्नल कायमचा अडवून ठेवायचा, हँडलर लिहायचाच नाही, आणि विरामाच्या जागी ‘साठ सेकंद किंवा सिगटर्म, जे आधी येईल ते’ अशी थेट मागणी करायची. सिग्नल विरामाच्या आधी आला असेल तर तो प्रलंबित राहतो आणि कॉल लगेच परततो. हाच कॉल पायथॉनमध्येही उपलब्ध आहे.

एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असतील तर आणखी एक सावधगिरी लागते. प्रोसेसला पाठवलेला सिग्नल तो न अडवणाऱ्या कोणत्याही एका थ्रेडला मिळू शकतो, आणि विराम तुटतो तो त्या थ्रेडचा. म्हणून सगळ्या थ्रेडमध्ये सिग्नल अडवून एकाच थ्रेडला त्यांची वाट पाहायला बसवण्याची रीत आहे.

शेवटी शेल स्क्रिप्टकडे, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञा ओळीने लिहिलेल्या फाइलकडे वळतो, कारण सी भाषेची एकही ओळ न लिहिणाऱ्या माणसाला हा विषय सर्वाधिक तिथेच भेटतो. बॅश या शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावून सिगटर्म आल्यावर आवराआवर करायची सोय केली आहे आणि लूपमध्ये ‘स्लीप ३००’ आहे, असे समजा. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबून पाहिले तर असे स्क्रिप्ट पटकन प्रतिसाद देते, आणि लिहिणाऱ्याचे समाधान होते. तेच स्क्रिप्ट डॉकर या साधनाच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमसाठी वेगळ्या केलेल्या बंदिस्त जागेत) मुख्य प्रोसेस म्हणून चालवले आणि ‘डॉकर स्टॉप’ म्हटले, तर दहा सेकंद काहीच होत नाही, मग कंटेनर एकदम मारला जातो आणि निकालाचा आकडा १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिगकिलचे ९. आवराआवरीचा भाग चाललेलाच नसतो.

कारण असे की शेलमध्ये ‘स्लीप’ ही स्वतंत्र प्रोसेस असते. कंट्रोल-सीचा सिग्नल टर्मिनलवर समोर चालू असलेल्या गटातल्या सगळ्या प्रोसेसना जातो, म्हणून स्लीप स्वतःही संपते आणि बॅशला वाट मोकळी होते. डॉकर मात्र सिगटर्म फक्त मुख्य प्रोसेसला, म्हणजे बॅशला पाठवतो. बॅशचा नियम असा आहे की समोर चालू असलेली आज्ञा संपेपर्यंत ट्रॅप चालवायचा नाही. स्लीपला काही कळलेलेच नसते, ती आपली पाच मिनिटे मोजत बसते, आणि डॉकरची दहा सेकंदांची मुदत त्याआधीच संपते. अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीत हीच मुदत, वेगळी सांगितली नसेल तर, ३० सेकंदांची असते, एवढाच फरक.

उपाय दोन ओळींचा आहे: स्लीपच्या शेवटी ‘अँड’चे चिन्ह देऊन तिला पार्श्वभूमीत पाठवायचे आणि पुढच्या ओळीवर ‘वेट’ ही बॅशची अंगभूत आज्ञा देऊन तिची वाट पाहायची. वेट चालू असताना ट्रॅप लावलेला सिग्नल आला की ती १२८ पेक्षा मोठा आकडा देऊन लगेच परतते, सिगटर्मसाठी तो १४३ असतो, आणि त्यानंतर लगेच ट्रॅप चालतो. साध्या सर्व्हरवर मात्र पार्श्वभूमीतली स्लीप त्यानंतरही जिवंत राहते, तेव्हा तिचा प्रोसेस क्रमांक आधीच जपून ठेवून ट्रॅपमध्येच तिला संपवावे. कंटेनरमध्ये मुख्य प्रोसेस गेली की कर्नल बाकीच्या सगळ्यांना संपवतो, त्यामुळे तिथे ती काळजी उरत नाही. पण तिथे ट्रॅप लावणे विसरले तर मात्र सिगटर्मने काहीच होत नाही, कारण आपल्या नेमस्पेसमधल्या, म्हणजे कंटेनरच्या स्वतंत्र प्रोसेस-यादीतल्या, क्रमांक एकच्या प्रोसेसला कर्नल सिगटर्मची मूळ कृती लागू करत नाही, आणि डॉकरला ‘इनिट’ हा पर्याय देऊन एक लहान मध्यस्थ प्रोसेस पुढे उभी करावी लागते.